आठ वर्षांत दोन रोपं कमी

मी ज्या ऑफिसात काम करते तिथे केळीची रोपं विकतात. रोपं वाढतात शहराबाहेर, शेडनेटच्या हिरव्या सावलीत. ऑफिस मात्र बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. ही रोपं टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत जन्मलेली. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून शेतकरी कितीतरी महिने आधी नंबर लावतात. कोणी मृगबागेसाठी, म्हणजे पावसाच्या तोंडावर लावायच्या केळीसाठी. कोणी कांदेबागेसाठी, म्हणजे पाऊस ओसरल्यावरच्या केळीसाठी. कोणाचा नंबर कितवा, रोपं किती, गाडी कधी आणायची, हे सगळं ज्या डेटाबेसमध्ये राहतं तो सांभाळणं हे माझं काम.

डेटाबेस म्हणजे काय, हे आईला सांगायला मला बरेच दिवस लागले. शेवटी म्हटलं, "एक मोठी वही समज. ती एकाच वेळी अनेकांना उघडता येते आणि कोणी दोघं एकाच ओळीवर एकदम लिहायला लागले तर वही भांडण मिटवते."

"म्हणजे तू दिवसभर वही सांभाळतेस?"

"हो."

"आणि त्यासाठी चार वर्षं इंजिनिअरिंग?"

मी ताटं घ्यायला उठले. तसंही मला पटकन बोलता येत नाही. माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं. शाळेत विचारल्यावरच बोलायचं अशी सवय लागली, आणि न विचारता कसं बोलायचं ते पुढे कोणी शिकवलं नाही.

आमची ही वही विकतची होती. एका मोठ्या कंपनीचा डेटाबेस, दरवर्षी नव्याने घ्यायचं लायसन्स. वाईट मुळीच नव्हता. आठ वर्षांत एक ओळ हरवली नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. अडचण एवढीच, की आमच्या लायसन्समध्ये तो दोघांनाच उघडता यायचा. त्यातली एक मी. दुसरे काका, म्हणजे आमचे जुने हेडक्लार्क. ऑफिसात कागदाच्या वह्या होत्या तेव्हापासून बुकिंग त्यांच्याच हातात.

तिसरं माणूस खकनारला होतं. तिथे आमचं एक छोटं काउंटर आहे आणि त्यावर ताई बसते. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी नंबर लावायला तिच्याकडे येतात. तिच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, पण त्याला वही उघडायची परवानगी नव्हती. त्यामुळे ती बुकिंग कागदावर घ्यायची आणि मला फोन करायची. दिवसातून वीस वेळा.

"बाई, लिही. गाव धूलकोट. मोबाईल लिही, अठ्ठ्याण्णव, एकोणऐंशी..."

"ताई, थांबा. एकोणऐंशी म्हणजे सेव्हन नाईन की सिक्स नाईन?"

"व माय! एवढी शिकली अन् एकोणऐंशी येत नाही तुले?"

मागून शेतकऱ्याचा हसण्याचा आवाज यायचा. मी इकडे एकटी लाल व्हायचे.

फोन वाजला की उचलण्याआधी मी चार रिंगा जाऊ देते. हे कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या तत्त्वातून वगैरे झाली नाही. ती या फोनच्या भीतीतून झाली. कॉलेजात मी एक ओपन सोर्स डेटाबेस वापरला होता. जगभरातले लोक मिळून तो लिहितात, कसा लिहिला तेही उघड ठेवतात, आणि तो कोणीही, कितीही जणांसाठी फुकट वापरू शकतो. तो आमच्याकडे आला तर ताई स्वतःच बुकिंग लिहील आणि माझा फोन शांत होईल, असं मी मनात दोन वर्षं घोळवत होते. बोलले कोणाजवळच नव्हते.

मग एका सकाळी भाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, चहा पिता पिता काकांना सांगितलं, "लायसन्सवाला सोमवारी येऊन राहिला. तिसऱ्या माणसाचे वेगळे पैसे मागतो, आणि फोनवरची ही लिहालिही मला आता नको. त्यापेक्षा खकनारचं काउंटर बंद करू. ताईला इथंच बसवू, माझ्या बाजूच्या खोलीत."

काका "बघा" एवढंच म्हणाले.

ताई इथे येऊ शकणार नव्हती. हे ऑफिसात मला एकटीला माहीत होतं, कारण फोनवर मला सगळं ऐकू यायचं. काउंटरच्या मागच्या भिंतीला लागूनच तिचं घर आहे. सासूचं मांडीचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर. ताई दर तासाला आत जाऊन तिला कुशीवर वळवते, पाणी देते, आणि पुन्हा येऊन फोन उचलते. "थांब बाई, म्हातारी बोलावते" हे मी शेकडो वेळा ऐकलंय. खकनारहून रोज बसने येऊन-जाऊन हे जमणारं नव्हतं. काउंटर बंद म्हणजे ताईचं काम बंद.

"भाऊ," मी म्हटलं, "फुकटातला एक आहे."

दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कपाट बोललं असतं तर असंच पाहिलं असतं.

मी डेटाबेस समजावला. वाईट समजावला, अर्धा इंग्रजीत, अर्धा हिंदीत. भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फुकट ते पौष्टिक, असं ना? बेटा, मी धंदा कसला करतो?"

"रोपांचा."

"आपले लोक आधी केळी कशी लावायचे? शेजाऱ्याच्या बागेतून मुनवे आणायचे. फुकट. मुनव्याबरोबर त्याच्या बागेतला रोगही आणायचे. तीस वर्षं मी गावोगाव हेच सांगून राहिलो, की फुकटचा मुनवा आणू नका, चांगलं रोप विकत घ्या. आणि तू मला मुनवा आणायला सांगते?"

मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू. भाऊंचा सगळा धंदा त्याच्या विरोधात उभा आहे. मी चुकीच्या माणसाला चुकीची वस्तू विकायला निघाले होते, आणि तीही फुकट.

पण भाऊ ऐकणारे आहेत. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "सोमवारपर्यंत करून दाखव. आठही वर्षांची बुकिंगं त्या तुझ्या मुनव्यात टाक. बेरीज जुळली तर बोलू. एक रोप जरी इकडचं तिकडं झालं, तर मी सही करतो आणि खकनार बंद."

दिवस गुरुवार होता.

ताईला मी हे सांगायला नको होतं, पण तिचाच फोन आला आणि माझ्या आवाजावरून तिने ओळखलं. सगळं काढून घेतलं. काउंटरचं ऐकून तिने आधी आत जाऊन म्हातारीला पाणी दिलं. मग म्हणाली, "भाऊचं ऐकू नको. मह्या बापानं जन्मभर मुनवेच लावले. मुनवा खराब नसतो व. निवडणारा आंधळा असला की मग खराब. तू नीट कर."

"जमेल का ताई?"

"मले काय विचारते? मले मशीनचं 'म' नाही कळत. तुले एकोणऐंशी नाही येत, पण बाकी येतं ना?"

शुक्रवार-शनिवार मी जुन्या वहीतून ओळी काढून नव्या वहीत भरत होते. ते काम मला आवडतं. आधी रिकामे रकाने आखायचे, कोणत्या रकान्यात काय बसेल ते ठरवायचं: इथे नाव, इथे तारीख, इथे मोबाईल. रोपांच्या संख्येचा रकाना मी पूर्णांकाचा केला. अर्धं रोप कोण घेणार? मग हजारो ओळी घातल्या. एकही अडली नाही. मी खूश.

रविवारी सकाळी काकांकडून किल्ली आणली आणि रिकाम्या ऑफिसात बसून बेरजा ताडून पाहिल्या. पहिलं वर्ष, जुनी वही आणि नवी वही: जुळलं. दुसरं जुळलं. तिसरं, चौथं... आठही वर्षं एकेक करून जुळली. शेवटी सगळ्या वर्षांची एकत्र बेरीज घेतली.

नव्या वहीत दोन रोपं कमी.

पुन्हा घेतली. दोन रोपं कमी. प्रत्येक वर्ष वेगळं जुळतं आणि सगळी मिळून जुळत नाहीत, हे कसं शक्य आहे? मी कॅल्क्युलेटर काढला. मग कागद-पेन काढलं. शाळेतल्यासारखे हातचे घेऊन बेरीज केली. वर्षांचे छापलेले आकडे मिळवले की नवी वही बरोबर येत होती आणि जुनी चूक. पण भाऊ जुनीलाच मानणार होते.

विकतच्या डेटाबेसचा एक मोठा फायदा असा, की अडलं तर कंपनीला फोन करता येतो. माझ्यासारखीला तो फायदा नव्हेच. फुकटच्याला असा फोन नसतो. इंटरनेटवर त्याच्या लोकांचा एक चौक असतो. तिथे कोणीही प्रश्न विचारतो, ज्याला येईल तो सांगतो. त्या चौकात मी चार वर्षं रोज जात होते, सगळं वाचत होते, आणि आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. माझ्या प्रश्नाला जगभरातले हुशार लोक हसतील असं वाटायचं. त्या दिवशी मी प्रश्न लिहिला, खोडला, लिहिला, खोडला. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे ताईचं काउंटर आलं आणि बटण दाबलं. मग घरी जाऊन वरण-भात जेवून आले.

परतले तर कोणा अनोळखी माणसाचं उत्तर येऊन बसलेलं. एकच ओळ, इंग्रजीत. रोपांचे आकडे खरोखर पूर्णांकच आहेत का?

मी जरा तोऱ्यातच लिहिलं, "ही केळीची रोपं आहेत. रोप अपूर्णांकात विकत नाहीत."

दोन मिनिटांत उत्तर, "तरी बघा."

बघायला एक ओळ लिहावी लागते. जुन्या वहीला विचारायचं, ज्या बुकिंगमध्ये रोपांचा आकडा पूर्णांक नाही ती दाखव. मी विचारलं. आठ ओळी आल्या. दरवर्षीची एक. तारीख दर वेळी अक्षय्य तृतीयेची, म्हणजे आमच्या आखाजीची. ग्राहक: गणपती. गाव: बऱ्हाणपूर. मोबाईल: रिकामा. रोपं: १.२५.

सव्वा!

मग सगळं उलगडलं. जुन्या प्रोग्रामच्या स्क्रीनवर अपूर्णांक दिसायचाच नाही, तिथे नुसतं एक दिसायचं. वर्षाच्या बेरजेतही शेवटचा पाव दिसत नव्हता. पण आतमध्ये तो पाव जपून ठेवलेला होता, आणि आठ वर्षांचे आठ पाव मिळून दोन रोपं होत होती. माझ्या पूर्णांकाच्या रकान्याने ते पाव न विचारता कापले होते.

त्या अनोळखी माणसाला मी काय झालं ते कळवलं. सव्वा म्हणजे काय हे इंग्रजीत समजावताना माझी दमछाक झाली. त्याने लिहिलं, की इतकी वर्षं तो लोकांना मदत करतोय, पण ग्राहकांच्या यादीत देव पहिल्यांदाच पाहिला.

सोमवारी साडेनऊला काका ऑफिसचं कुलूप उघडत होते, तेव्हा मी पायरीवर उभी होते.

"काका, गणपतीचं बुकिंग कोण करतं?"

"मी," काका म्हणाले, जणू मी पंखा कोण लावतं असं विचारलं. "बुकिंगं आखाजीला उघडतात. पहिलं देवाचं. कागदाच्या वहीत होतं, तसंच मशीनमध्ये."

"पण सव्वा रोप?"

"मग काय एक लिहू? देवाला नुसतं एक देतात का कुठी? एक म्हणजे झालं, संपलं. सव्वा म्हणजे पुढे चालू."

"आणि ते रोप नेतं कोण?"

"मीच नेतो. मंदिराच्या मागे लावतो. घड आला की प्रसाद. तू खाल्लाय दोनदा."

"आणि वरचा पाव?"

"पाव कागदावर," काका शांतपणे म्हणाले. "तुमच्या मशीननं आठ वर्षांत कधी हरकत घेतली नाही. काय, अडलं का काही?"

मी सांगितलं. काकांचा चेहरा एकदम उतरला. "माझ्यापायी खकनारचं काउंटर? काढून टाक ना पोरी, पुसून टाक. देव काही म्हणणार नाही."

पुसणं सोपं होतं. जुन्या वहीतल्या आठ ओळी पुसल्या की बेरीज जुळली असती आणि कोणाला कळलं नसतं. पण जी वही 'एक ओळ हरवणार नाही' म्हणून आणायची, तिची सुरुवात ओळी पुसून कशी करायची? मी रोपांचा रकाना बदलला. अपूर्णांक मावेल असा केला. सगळ्या ओळी पुन्हा भरल्या. पावणेअकराला बेरीज जुळली. पाव-पाव धरून.

अकराला भाऊ आले आणि त्यांच्या मागोमाग लायसन्सवाले साहेब. इंदूरहून आलेले, इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं. भाऊंनी दोन्ही बेरजांच्या कागदांवर बोट ठेवून पाहिलं.

"जुळली? मग काल काकांकडे ऑफिसची किल्ली मागायला गेलीस ती कशाला?"

मी म्हटलं, "एका ग्राहकाची रोपं पूर्णांकात नव्हती."

"कोण हा?"

काका पंख्याकडे बघत होते. शेवटी त्यांनीच सांगितलं. भाऊ आधी गंभीर झाले, मग त्यांनी हात जोडले आणि मग खो-खो हसत सुटले. "म्हणजे हिनं काल माझ्या नर्सरीतून गणपतीची दोन रोपं गायब केली होती!"

साहेबही हसले, पण मुद्दा सोडला नाही. "मॅडम, हमारे में तो आठ साल बराबर था ना?"

"हो," मी म्हटलं. "तुमच्यात बरोबर होतं. चूक नव्या डेटाबेसचीही नाही. रकाना मी चुकीचा आखला होता."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेल्यावर वाटलं, गेलं काउंटर.

भाऊंनी कागद बाजूला ठेवले. "बेरीज जुळली, माझं बोलणं मी पाळतो. पण एक सांग. फुकटचा मुनवा आणायचा तर निवडणाऱ्याला डोळा लागतो. कंद बघायचा, पान बघायचं, नंतर रोज बागेत फिरायचं. या साहेबांकडे आपण पैसे देतो, ते बघतात. तुझ्या फुकटच्याकडे कोण बघणार?"

खोलीत चौघं होतो. मी वाट पाहिली की कोणीतरी काहीतरी बोलेल. काका टेबलावरचे कागद सरळ करायला लागले.

"मी बघेन."

"म्हणजे काय करशील?"

"रोज संध्याकाळी सगळ्या वहीची नक्कल काढून ठेवेन. महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून बघेन, खरंच उघडते का. नवी आवृत्ती आली की आधी वाचेन, मग लावेन."

"आणि लग्न होऊन गेलीस तर?"

"तर काय काय करायचं ते लिहून ठेवून जाईन. काकांना वाचता येईल असं, मराठीत."

"मोठ्या अक्षरात," काका म्हणाले.

भाऊंनी सही केली नाही. साहेबांना चहा दिला, वर केळीची एक फणी दिली. जाताना ते जिन्याशी थांबून मला हळूच म्हणाले, "मॅडम, वो कॉपी इसी बिल्डिंग में मत रखना. आग लगी तो दोनों जाएंगे." मला हे सुचलंच नव्हतं. मी त्यांचे मनापासून आभार मानले. नक्कल आता रोज शहराबाहेर, शेडनेटजवळच्या छोट्या खोलीतल्या मशीनवर जाते.

त्याच आठवड्यात मी बसने खकनारला गेले. ताईला मी पहिल्यांदाच पाहत होते. फोनवरून मला ती धिप्पाड वाटायची. निघाली माझ्या खांद्याएवढी. तिने माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "एवढीशी तर आहे. अन् भाऊसमोर बोलली?"

तासाभरात तिच्या कॉम्प्युटरवर वही उघडली. काउंटरपाशी चार-पाच शेतकरी जमले होते. त्यांना आपापली नावं बघायची होती. एकाने शेजाऱ्याचा नंबर कितवा ते विचारलं.

"दुसऱ्याच्या ताटात काय बघतो रे?" ताई म्हणाली. "तुहा बघ अन् नीघ."

तेवढ्यात भिंतीपलीकडून म्हातारीची हाक आली. "कोण आलं व?"

"बऱ्हाणपूरची कम्प्युटरवाली! आपलं काउंटर राहिलं, आई!"

"जेवली का ती?"

"जेवेल!"

पलीकडे खाट करकरली. मग पुन्हा, "मह्या नावानं एक लाव. अंगणात. खिडकीतून दिसलं पाहिजे."

शेतकरी हसले. ताईने मात्र खरंच माझ्याकडे पाहिलं. एकच रोप चालतं का? मी म्हटलं, चालतं. आता तर सगळंच चालतं. तिने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत सासूचं नाव लिहिलं. गाव लिहिलं. रोपं: एक. मग बटण दाबलं आणि वही अडली. मोबाईल हवा. गणपतीच्या ओळी जुन्या म्हणून सुटल्या होत्या, नव्या बुकिंगला मी तो सक्तीचा केला होता.

"म्हातारीकडे कुठला मोबाईल?" ताई म्हणाली. "अन् मह्या नंबरावर कंपनीचे इतके मेसेज येतात की रोप तयार झाल्याचा मेसेज त्यात दिसणारच नाही. ठेवायचा का रिकामा?"

रिकामा ठेवता येण्यासारखा रकाना मला करता आला असता. दोन मिनिटांचं काम. माझा नंबर ऑफिसबाहेर फक्त सहा माणसांकडे आहे, आणि तो मी कोणाला सहज देत नाही.

"माझा टाका," मी म्हटलं आणि सांगू लागले. ताई एकेक आकडा शोधत दाबत होती आणि काउंटरवरचे सगळे शेतकरी मोठ्याने तिच्याबरोबर म्हणत होते.